घोडेगावच्या पुढचा कानवला

आमच्या बोर्डिंगात एका तळलेल्या पदार्थावरून भांडण झालं. त्याचा निकाल लावायला मी दिवाळीच्या सुट्टीत नगर जिल्ह्यात गेले आणि निकाल न लावताच परत आले. खरं तर एवढ्यावर गप्प बसायला हवं. पण सगळ्या मैत्रिणी रोज विचारतात, आणि मी प्रत्येकीला काहीतरी निराळंच सांगते असं माझ्याच लक्षात आलं आहे. म्हणून एकदा सरळ लिहून काढते. लिहिता लिहिता मलाच काही कळलं तर उत्तम.

भांडण असं होतं. मी वेंगुर्ल्याची. पातळ पारी लाटायची, पोटात खोबऱ्याचं गोड सारण भरायचं, दुमडून कड बंद करायची आणि तळायची, या वस्तूला आमच्याकडे नेवरी म्हणतात. पुण्याच्या मुली तिला करंजी म्हणतात. माझ्या शेजारच्या खाटेवरची अनसूया नेवासे तालुक्यातली. तिच्या तोंडी कानवला. आम्ही सगळ्या मास्तरणी असल्यामुळे प्रत्येकीला आपलंच बरोबर वाटतं. नेवरी हे नाव नैवेद्यावरून पडलं असं माझी काकी सांगायची, म्हणून माझं नाव सर्वांत पवित्र, असा माझा दावा. अनू एरवी वादात मागे हटत नाही. त्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "आमच्या आईला विचार. दिवाळीला चल माझ्याबरोबर."

मला आनंद झाला. घाटावर येऊन मला चार वर्षं झाली होती, पण पुण्याच्या पलीकडे मी कधी गेले नव्हते. लढाई संपून वर्ष उलटलं तरी साखर अजून रेशनवरच मिळत होती. महिनाभर बिनसाखरेचा चहा पिऊन मी एक डबा भरून साखर साठवली आणि निघाले.

नगर

कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीचं वर्णन करत नाही. ज्या तिच्यात बसल्या आहेत त्यांना नको असेल, आणि ज्या बसल्या नाहीत त्यांना खरं वाटायचं नाही.

नगरला रात्र काढली ती सगुणाबाईंकडे. मिशनच्या शाळेत त्यांनी अनूला शिकवलं होतं. बाई ख्रिस्ती, पन्नाशीच्या, कपाळ मोकळं, नऊवारी लुगडं, अंगणात तुळशीच्या जागी गुलाब. त्यांची दिवाळी नव्हती, पण आम्ही येणार म्हणून त्यांनी खास करंज्या तळायला घेतल्या होत्या. मी माझा प्रश्न टाकला. बाईंनी उठून परसातल्या झाडाची एक शेंग आणून माझ्या तळहातावर ठेवली. चपटी, फुगीर, टोकाला जराशी वळलेली.

"हे करंजाचं झाड. आता ताटात बघ."

ताटात अगदी तीच शेंग पडली होती, फक्त तळलेली. मला इतकं पटलं की तिथूनच परत फिरावं असं वाटलं. पण तेवढ्यात बाईंनी उरलेल्या गोळ्याचा एक मोदक वळला आणि तोही कढईत सोडला.

"हा कशाला?"

"करंजीला भाऊ लागतो ना. ती एकटी कशी तळायची?"

"हे बायबलात आहे?" मी विचारलं.

"बायबलात तळणच नाही," बाई हसत म्हणाल्या. "माझी आजी करायची. तिनं धर्म बदलला, पण येताना कढई तीच घेऊन आली. आम्ही नाताळात पण एक मोदक करतो. का, ते मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही."

आमच्याकडे असं काही नाही. आमच्या नेवऱ्या भावाबिवाशिवाय तळल्या जातात. पहिल्याच मुक्कामात नावाचा उलगडा झाला आणि त्याच ताटात हा मोदक येऊन बसला, म्हणून मी जरा चक्रावले. सकाळी निघताना सगुणाबाईंनी अनूला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "यंदा घरी काय?" अनूनं मान हलवली. बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. अनूच्या लग्नाबद्दल विचारत असतील, असं मी धरून चालले.

घोडेगावच्या पुढे

घोडेगावला मोटारीतून उतरलो तेव्हा बाजाराचा दिवस नव्हता. जनावरांच्या बाजाराचं ते प्रचंड मैदान रिकामं पडलं होतं. जागोजागी खुंट्या आणि शेणाचे वाळके पोह. अनूचे वडील, त्यांना सगळे आबा म्हणतात, बैलगाडी घेऊन आले होते. उंच, वाकलेले, तोंडात शब्द कमी. मी मागच्या बाजूला, ट्रंकेशेजारी ऐसपैस बसले. घाटावरच्या गाडीचं शास्त्र मला ठाऊक नव्हतं. मागे भार जास्त झाला, गाडी उलाळ झाली, धुरा आभाळात गेली आणि मी साखरेचा डबा उराशी धरून धुळीत उतरले. आमच्याकडे यावर आठवडाभर हसले असते. आबा हसले नाहीत. त्यांनी मला पुढे बसवलं आणि म्हणाले, "बाई, मदी बसा. लागलं न्हाई नव्हं?"

रस्ताभर काळी रानं, गुडघ्याएवढी ज्वारी, मधूनच एखादं निंबाचं नाहीतर बाभळीचं झाड. प्रत्येक चढाच्या पलीकडे समुद्र असेल असं मला उगाच वाटत राहिलं. चढ संपला की पुन्हा ज्वारी.

घर धाब्याचं, मातीचं, पण सारवून लखलखीत. अनूची आई दारात उभी होती. तिनं आमच्या पायांवर पाणी घातलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि लगेच आत गेली. तिच्या मागे अनूची वहिनी, गिरजा. पंचविशीची असेल. हातभर हिरवा चुडा आणि कपाळावर एवढं मोठं कुंकू की आधी ते दिसायचं आणि मग ती. अनूचा थोरला भाऊ, म्हणजे गिरजाचा नवरा, पलटणीत आहे, हे मला पुण्यातच माहीत होतं. अनू त्याला दादा म्हणायची, आबा थोरला म्हणायचे, आणि गिरजा अर्थातच काहीच म्हणायची नाही.

दिवाळी दोन दिवसांवर आली होती. गावातल्या घराघरातून करडईच्या तेलाचा उग्र, खमंग वास येत होता. या घरात मात्र चुलीवर पिठलं रटरटत होतं.

संध्याकाळी शेजारची एक बाई पदराखाली झाकलेलं ताट घेऊन आली. ओट्यावर ठेवलं, बसली नाही, बोलली नाही, तशीच निघाली. गिरजा आतून आली. फडकं न उचलता ताट घेतलं आणि त्या बाईच्या मागोमाग जाऊन तिच्याच ओट्यावर ठेवून आली. वेंगुर्ल्याला शेजारणीचं ताट रिकामं परत करत नाहीत. चिमूटभर साखर तरी घालतात. इथे भरलेलं ताट भरलेलंच परत जात होतं. याला काय म्हणायचं ते मला कळेना.

"भांडण आहे का शेजाऱ्यांशी?" मी अनूला विचारलं.

"नाही."

"मग?"

"तू हातपाय धू."

कढई

दुसऱ्या दिवशी सकाळपासून आणखी तीन ताटं आली आणि तिन्ही परत गेली. तिसऱ्या खेपेला आबा अंगणातच होते.

"ठिव की ग, गिरजा," ते म्हणाले. "लोक मायेनं आनत्यात."

"ज्याचं त्याला दिलेलं बरं, मामंजी," असं म्हणून ती ताट घेऊन गेलीच. आबा थोडा वेळ तिच्या पाठीकडे बघत राहिले आणि मग शेतावर निघून गेले.

आता माझी बुद्धी चालायला लागली. घर मानी आहे, साखर मिळाली नसेल, लोकांचं फुकट घ्यायचं नाही आणि स्वतःचं करता येत नाही, असा मी हिशेब मांडला. मला तो इतका पटला की मी ट्रंकेतून साखरेचा डबा काढला, स्वयंपाकघरात जाऊन अनूच्या आईपुढे ठेवला आणि म्हणाले, "मावशी, मी पुण्याहून मुद्दाम एवढ्यासाठी आले आहे. मला तुमचा कानवला करून दाखवा. तो कसा होतो आणि त्याला तसं का म्हणतात, ते मला बघायचंय."

अनूनं माझा दंड इतक्या जोरात धरला की तिथे दुसऱ्या दिवशी निळं झालं. तिची आई भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. गिरजा कोपऱ्यात गहू निवडत होती. ती सूप बाजूला ठेवून उभी राहिली. मी काहीतरी चुकले हे माझ्या लक्षात आलं, पण काय चुकले ते मला सात जन्मांत सापडलं नसतं.

"आत्याबाई," गिरजा सासूला म्हणाली, "पावनी मागतीया."

सासू तव्यावरच्या भाकरीकडे बघत होती. भाकरी करपली. मग ती म्हणाली, "मला कशापायी इचारतीस? आलेल्या मानसाला न्हाई म्हनायची रीत न्हाई ह्या घरात."

गिरजानं वर हात करून खुंटीवरची कढई काढली. पदरानं पुसली, चुलीवरचा तवा स्वतःच उतरवला आणि कढई ठेवली.

अनूनं मला ओढत गोठ्यात नेलं. तिथे बैलाच्या पाठीवर हात ठेवून ती बोलली, माझ्याकडे न बघता.

"दादा बेपत्ता आहे. चौथं वर्ष लागलं. पूर्वेकडच्या लढाईत गेला तो गेला. सरकारची तार आली तीत सापडत नाही एवढंच होतं, मेला असं नव्हतं. लढाई संपली, कैदेतले सुटले, आमच्या पंचक्रोशीतले होते तेवढे परत आले. तो नाही आला."

"मग कढईचं काय?"

"घरात कुणी गेलं की वर्षभर तळण करत नाहीत. कढई चढवत नाहीत. शेजारीपाजारी फराळाची ताटं आणून ठेवतात. तुमच्याकडे नाही का?"

आमच्याकडेही आहे. आहे, आणि तरी मला ताटं दिसली नाहीत. मला साखर दिसली.

अनू सांगत होती ते असं. एवढी वर्षं गिरजा दर दिवाळीला कढई चढवत आली. यंदा दसऱ्याला आबांनी सांगितलं, आता पुरे. यंदा कढई चढायची नाही. म्हणजे मुलगा गेला असं त्यांनी धरलं, आणि ते गावानंही धरलं. आबा निर्दय म्हणावेत तर ते सुनेचंच बघत होते. त्यांच्यात बाई विधवा झाली की तिचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लावता येतो. शेवगावकडचा एक भला बिजवर गिरजाच्या भावानं बघून ठेवला होता. भाऊबीजेला भाऊ येणार, तिला माहेरी नेणार, पुढचं तिकडे होणार. पण नवरा जिवंत असलेल्या बाईचा पाट लागत नाही. आधी या घरानं तो गेला असं मानायला हवं होतं, आणि ते मानण्याची खूण ही कढई होती.

"आणि वहिनीला काय हवंय?" मी विचारलं.

"तिला कोण विचारतंय?" अनू म्हणाली. मग म्हणाली, "ती ताटं परत करते, ते तू बघितलंस ना."

"हे सगळं तू मला आधी का सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर आली असतीस? घरात परकं माणूस असलं की आई रडत नाही. म्हणून आणलं तुला. आणि तू हे करून ठेवलंस."

तिला माझा राग आला होता की बरं वाटलं होतं, हे मला तिच्या तोंडावरून ओळखता आलं नाही. बहुधा तिलाही आलं नसतं. तेवढ्यात वास आला. करडईचं तेल, तळलेली कणीक, गूळ. तो वास गोठ्यातून अंगणात, अंगणातून गल्लीत गेला. समोरून एक बाई झाकलेलं ताट घेऊन येत होती. ती वाटेतच थांबली. तिनं नाकानं वास घेतला, आमच्या दाराकडे बघितलं, आणि ताट पदराखाली नीट घेऊन परत फिरली.

आबा

मी आत गेले तेव्हा निम्मे कानवले झाले होते. माझी साखर तशीच बाजूला. गिरजानं गुळाचंच सारण केलं होतं, सुकं खोबरं किसून, खसखस घालून. सासू लाटत होती आणि सून भरून कड मुरडत होती. कडेची वेणी तिच्या बोटांतून इतकी झरझर उतरत होती की ती कशी घालतात हे बघायला आलेली मी शेवटपर्यंत काही शिकले नाही. एक कानवला तिनं वेगळा केला. त्यात खोबरं नाही, नुसते तीळ आणि गूळ.

"हा कुणाचा?" माझी जीभ काही थांबत नाही.

"खोबरं दातात अडकतं म्हनत्यात," गिरजा म्हणाली. "तिळाचा लागतो."

कोण म्हणतात ते विचारण्याइतकी मी आता खुळी राहिले नव्हते.

दुपारी आबा शेतावरून आले. पायऱ्यांपाशीच थांबले. त्यांनी खांद्यावरचं घोंगडं काढलं, परत घेतलं. आत तिघी बायका कढईभोवती बसलो होतो आणि कुणी वर बघत नव्हतं. तेल तेवढं चुरचुरत होतं.

"कुनी चढिवली?" आबांनी विचारलं.

गिरजा उठायला लागली. मला ते बघवेना. "मी मागितलं, आबा," मी म्हणाले. "मला माहीत नव्हतं."

आबांनी माझ्याकडे बघितलं. गाडीतून पडले तेव्हा बघितलं होतं तसंच, लागलं का ते पाहावं तसं. मग ते भिंतीला टेकून खाली बसले. गिरजानं ताटलीत दोन कानवले घालून त्यांच्या पुढ्यात ठेवले आणि मागे सरकून उभी राहिली. ते खातात की ताटली सारतात, यावर तिचं सगळं अडलं होतं, आणि खोलीतल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं.

आबांनी कानवला हातात घेतला. उलटासुलटा केला. मग मोडून तोंडात घातला.

"गूळ जादा झालाय," ते म्हणाले.

आणि दुसरा उचलला.

अनूची आई पदर तोंडाला लावून रडायला लागली. परकं माणूस घरात होतं तरी. आबा उठून बैलांना पाणी दाखवायला गेले. सुनेसमोर त्यांनी हार मानली, की नाही म्हणायची पाळी टळली म्हणून त्यांना हायसं वाटलं, यावर मी पुढचे तीन दिवस विचार केला. अजूनही सांगता येत नाही.

पाडवा

मग मात्र दिवाळी नेहमीसारखी झाली. शेजारणी ताटं घेऊन आल्या, बसल्या, बोलल्या. ताटं घेतली गेली आणि परत जाताना त्यांत या घरचे कानवले गेले. आदल्या दिवसांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. सगळं गाव एका बाईला विधवा धरून चालतं आणि तेलाच्या वासावर परत सवाशीण धरतं, यातलं मला सोसलं कोणतं आणि टोचलं कोणतं हे वेगळं करता येईना.

मी आपला प्रश्न विचारत राहिले, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. अनूची आई म्हणाली, कानासारखा दिसतो म्हणून कानवला. एक शेजारीण म्हणाली, छे, कान्होबाला आवडतो म्हणून. दुसरी म्हणाली, माझ्या माहेरी करंजीत साखर घालतात आणि कानवल्यात गूळ, दोन्ही निराळे. तिसरीनं दोन्ही एकच असं शपथेवर सांगितलं. त्या दोघी माझ्यादेखत भांडल्या. नगरच्या परसातली शेंग मी ट्रंकेतून काढून दाखवली, तर म्हाताऱ्या बायका म्हणाल्या की करंजाचं तेल खरजेला लावतात, त्याचं नाव खायच्या वस्तूला कोण देईल? हेही मला पटलं. त्या दिवशी मला जे जे सांगितलं ते सगळं पटत गेलं.

शेवटी मी गिरजाला विचारलं. ती भांडी घासत होती.

"नाव कोन घेतंय, बाई?" ती म्हणाली. "तळलं की वास गावभर जातो. मानसाला कळतं."

भाऊबीज

गिरजाचा भाऊ नामदेव सकाळीच छकडा जुंपून आला. ठेंगणा, गोल तोंडाचा, अंगात नवा सदरा. छकड्यात बहिणीला बसायला गोधडी अंथरली होती. तिला न्यायलाच आला होता तो.

गिरजानं पाट मांडला, ओवाळलं, आणि ताट पुढे केलं. ताटात भात, आमटी, आणि कडेला कानवला. नामदेवाचा हात आमटीवर गेला आणि तिथेच राहिला. त्यानं कानवल्याकडे बघितलं, मग बहिणीच्या कपाळाकडे, मग दाराबाहेर आबांकडे. आबा बैलाच्या गळ्यातली घंटा नीट करत होते आणि ते काम त्यांना फारच जड चाललेलं दिसलं.

"ह्या घरचा हाय?" नामदेवानं विचारलं.

"ह्याच चुलीवरचा," गिरजा म्हणाली.

त्यानं आधी कानवलाच खाल्ला. सगळा. मग जेवला. बहिणीला न्यायचा विषय त्यानं काढला नाही आणि तिनंही काढला नाही. आमच्याकडे असल्या गोष्टीवर निदान तीन मामा आणि एक भटजी बोलले असते.

माझ्या शाळेचे पेपर तपासायचे राहिले होते, म्हणून मी त्याच दिवशी निघाले. अनू मागे थांबणार होती. नामदेव म्हणाला, घोडेगावपर्यंत मी सोडतो, छकडा रिकामाच चाललाय. हे शेवटचं तो सहज बोलला, पण अनूची आई आत निघून गेली.

मी पायांत चपला घालत होते तेव्हा गिरजा आली. एका फडक्यात कानवले बांधलेले. दुसऱ्या हातात माझाच साखरेचा डबा, पण हलका.

"साखर काढून ठिवली," ती म्हणाली. "ह्यात त्यो तिळाचा हाय. पुन्याच्या टेसनावर पलटनीच्या गाड्या येत्यात म्हनं. तुमी तिथंच ऱ्हाता. दिसलं तर द्या."

"मी त्यांना कधी पाहिलेलं नाही, वहिनी."

"डाव्या भुवईवर वण हाय. बैलानं मारलेलं. आन् चालताना खाली बगून चालत्यात."

मी डबा घेतला. तिनं माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "तुमी मागितलं म्हनून झालं. न्हाईतर माझ्या तोंडातनं निगालं नसतं." आशीर्वाद होता की नुसती हकीकत, कोण जाणे. मला रडू आलं एवढं खरं.

वाटेत नामदेव छकडा हाकत होता. गोधडी रिकामी, मी पुढे, मधोमध, शहाणी होऊन. ज्वारीच्या रानातून वारा सुटला होता.

"तुमीच मागितलं व्हय, बाई?" त्यानं विचारलं.

"हो."

"चांगला मानूस हुता त्यो शेवगावचा. हिरीचं पानी, आठ एकर रान. माज्या बहिनीला सुखात ठिवलं असतं." मग म्हणाला, "आता तेला न्हाई म्हनून सांगाया जातो."

"मला माफ करा," मी म्हणाले.

"तुमाला कशाला? तिनं केलं ते." त्यानं कासरा सैल सोडला. "मी पुढल्या दिवाळीला येतो की. तिनं ओवाळल्यावर ताटात काय वाढलंय ते बघीन, आन् तसाच परत जाईन, न्हाईतर तिला घिऊन."

पुणे

पुण्याला मोटार स्टेशनाशेजारीच थांबली. मी सरळ बोर्डिंगात जायला हवं होतं. पण फाटकाजवळ पलटणीतून सुटलेले पंधरावीस शिपाई आपापल्या ट्रंकांवर बसून गाडीची वाट बघत होते, आणि माझे पाय तिकडेच वळले. ट्रंक मोटारीपाशीच सोडलेली, डाव्या हातात गाठोडं, उजव्या हातात डबा, आणि मी एकेकाच्या भुवया बघत चालले आहे. कुणी पाहिलं असतं तर माझी नोकरीच गेली असती. एकाच्या कपाळावर वण होता, पण उजवीकडे. एक खाली बघत चालत होता, तो विडी शोधत होता.

त्यांतला एक मिशाळ शिपाई उठून उभा राहिला. बोलणं थेट आबांच्या गावचं.

"कुनाला बघताय, बाई?"

"नेवासे तालुक्यातला एकजण," मी म्हणाले. "घोडेगावच्या पुढचा. पूर्वेकडे होता. डाव्या भुवईवर वण आहे."

"आमच्यात नगरकडचे लई हायती. त्या फलाटावर आनखी दोन डबे भरून बसल्यात. नाव सांगा, मी हाक मारतो."

मी तोंड उघडलं. आठ दिवस चुलीचुलीपुढे बसून मी एका तळलेल्या कणकेचं नाव कशावरून पडलं ते विचारत होते. दादा, थोरला, आणि गिरजा तर काहीच म्हणत नव्हती. त्या घरात कुणी त्याचं नाव घेतलं नाही, आणि मी ते एकदाही विचारलं नव्हतं.

शिपायानं दोन्ही हात तोंडापाशी धरले होते. तो हाक मारायला थांबून राहिला होता.